साऱ्याबाहेरचे अन्न : हिंगोली परिसरातील करांदा व रानकंदांचा इतिहास

प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याचा कृषिइतिहास सामान्यतः ज्वारी, कापूस आणि अलीकडील काळात हळद व सोयाबीन यांच्या अनुषंगाने मांडला जातो. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. कयाधू, पूर्णा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा इतिहास तिच्यात येतो, या खोऱ्यांना लागून असलेल्या डोंगरउतारांचा, झुडपी जंगलाचा व तेथून पोट भरणाऱ्यांचा इतिहास येत नाही. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित बाजूचा विचार एका वन्य वेलीच्या आधारे केला आहे. ही वेल म्हणजे करांदा व तिच्या कुळातील अन्य रानकंद होत.

एखाद्या वनस्पतीचा इतिहास लिहिणे याचा अर्थ तिच्या उपयोगांची यादी देणे असा नव्हे. महाविद्यालयीन नियतकालिकांतून रानभाज्या व औषधी वनस्पतींच्या अशा याद्या विपुल प्रसिद्ध झाल्या आहेत आणि त्यांचे मोल नाकारता येत नाही. इतिहासापुढचा प्रश्न वेगळा आहे. जे अन्न माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, ते राज्याच्या दप्तरात का उतरले नाही, आणि दप्तरात न उतरल्यामुळे ते खाणाऱ्यांच्या हक्काचे काय झाले, हा तो प्रश्न होय.

वेल आणि तिचे नाव

डायोस्कोरिया या प्रजातीत उष्ण कटिबंधातील शेकडो वेलींचा समावेश होतो. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या नावावरून हे प्रजातिनाम दिले गेले. मराठवाड्याच्या वनस्पतींचा सर्वांत विस्तृत अभ्यास डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या द्विखंडात्मक ग्रंथात आहे. या प्रदेशाच्या दृष्टीने दोन जाती विशेष महत्त्वाच्या ठरतात. डायोस्कोरिया बल्बिफेरा म्हणजे करांदा किंवा कडू करांदा. तिची पाने हृदयाच्या आकाराची असून पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळे लटकतात. दुसरी डायोस्कोरिया पेंटाफायला. तिचे पान तीन ते पाच पर्णिकांचे असते, खोडावर काटे असतात आणि मराठीत तिला उलशी, शेंडवेल अशी नावे आहेत. दोन्ही वेली आधाराभोवती डावीकडे वळत चढतात. वळण्याची ही दिशा किरकोळ वाटली तरी प्रेन व बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वेकडील डायोस्कोरियांच्या वर्गीकरणात तिला मोठे स्थान दिले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंग्रजी लेखनात सुरणालाही ‘याम’ म्हणण्याचा प्रघात असल्याने मराठी अनुवादांतून सुरण व करांदा यांची सरमिसळ झालेली दिसते. सुरण हा अळूच्या कुळातला. त्याला वेल नसते. लागवडीतले कोनफळ मात्र करांद्याचे खरे भावंड होय.

नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्वारीला सर्वत्र ज्वारीच म्हणतात, फार तर जोंधळा. परंतु रानकंदांची नावे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना बदलतात. बाजारात येणाऱ्या मालाला एक नाव लागते. जो माल खणणाऱ्याच्या घरातच शिजतो, त्याला प्रत्येक गाव आपले नाव देऊ शकते. नावांची ही विविधता वनस्पतिशास्त्रज्ञाला अडचणीची वाटली तरी इतिहासाच्या अभ्यासकाला ती एक साधन म्हणूनच पाहावी लागेल.

संस्कृत निघंटुपरंपरेत या वेलीचे नाव वाराहीकंद असे आहे. कंदावरील राठ केसांसारख्या मुळ्यांमुळे त्याला वराहाची उपमा मिळाली. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही वाराहीकंद आहे. अभ्यासकांत या नावाच्या निश्चितीविषयी चर्चा झाली असली तरी बहुतांश मत करांद्याकडे झुकते. युरोपीय विद्वत्तेत ही वेल मलबारच्या मार्गाने पोहोचली. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ (१६७८–१६९३) या बारा खंडांत रानकंदांची चित्रे आहेत आणि १७५३ मध्ये लिनियसने या वेलींना आजची शास्त्रीय नावे दिली. वैद्यांनी तिला औषध म्हणून नोंदविले, वनस्पतिशास्त्रज्ञांनी नमुना म्हणून. अन्न म्हणून तिची नोंद होण्यास दुष्काळ यावा लागला.

राज्यसंस्थेला दिसणारे आणि न दिसणारे पीक

जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकाने ‘द आर्ट ऑफ नॉट बीइंग गव्हर्न्ड’ (२००९) व ‘अगेन्स्ट द ग्रेन’ (२०१७) या ग्रंथांत असे प्रतिपादन केले आहे की, प्राचीन काळापासून राज्यसंस्था धान्यावर उभ्या राहिल्या, कंदांवर नव्हे. धान्य जमिनीवर दिसते, एकाच वेळी पिकते, मोजता येते, साठवता व वाहून नेता येते. कंद जमिनीखाली असतो, एकाच वेळी काढावा लागत नाही आणि कर वसूल करणाऱ्याला तो स्वतः खणून काढावा लागेल. स्कॉटची मांडणी आग्नेय आशियातील डोंगराळ प्रदेशांविषयी आहे. ती हिंगोलीला जशीच्या तशी लावता येणार नाही. येथील आंध समाज राज्यापासून पळून गेलेला नव्हता. तो नांगरटीची शेती करणारा, गावगाड्याशी जोडलेला समाज होता. रानकंद हा त्याच्या आहाराचा कणा नसून आधार होता. तरीही स्कॉटचा मूळ मुद्दा, म्हणजे महसुलाला जे दिसत नाही ते दप्तरालाही दिसत नाही, निजामी मराठवाड्याच्या इतिहासात ठळकपणे प्रत्ययास येतो.

सालारजंग पहिले यांच्या कारकिर्दीत १८६५ मध्ये हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी झाली आणि त्यानंतर जमीन मोजणी व धारा ठरविण्याची पद्धत रूढ झाली. जमिनीचा पोत, पिकाचा प्रकार, विहीर, झाडे यांची नोंद होऊ लागली. पिकाचा अंदाज आण्यांत करण्याची पद्धत, म्हणजेच आणेवारी, ही या व्यवस्थेची गुरुकिल्ली होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आज तिला पैसेवारी म्हणतात आणि पन्नास पैशांच्या आतबाहेर असण्यावर टंचाईचा निर्णय अवलंबून असतो. परंतु आणेवारी शेतातील पिकाची निघते. बांधापलीकडच्या डोंगरात त्या वर्षी कंद कसा धरला, मोह किती फुलला, चारोळी आली की नाही, याचा हिशेब त्यात कधीच नव्हता. एखाद्या डोंगरकाठच्या वस्तीचे वर्ष कसे जाणार हे ज्या दोन गोष्टींवर ठरत असे, त्यांतील एकच गोष्ट सरकारला कळत होती.

जंगलातील सर्वच वस्तू अशा अदृश्य होत्या असे मात्र नाही. साग दिसत होता, कारण त्याचे लाकूड विकले जाई. शिंदी व मोह दिसत होते, कारण आबकारीचे मोठे उत्पन्न त्यांवर अवलंबून होते. यातूनच एक लक्षणीय विरोधाभास निर्माण झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ च्या सुमारास शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा कार्यक्रम झाला. निजामाच्या तिजोरीवर घाव घालण्याचा तो सरळ मार्ग होता. पैनगंगेच्या पलीकडे, वऱ्हाडातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी जंगल सत्याग्रह केला, तोही राखीव जंगलातील गवत कापून. शिंदी आणि गवत यांना राजकीय चळवळीत स्थान मिळाले, कारण सरकारने त्यांवर आधीच किंमत लिहिली होती. कंदावर कर नव्हता, म्हणून त्याचा सत्याग्रहही झाला नाही. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात जंगलाचे जे चित्र उमटले आहे, ते अशा प्रकारे महसुलाच्या चित्राचीच उलटी बाजू आहे, असे म्हणावे लागते.

पैनगंगेचे दोन काठ

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा ही दोन राजवटींची सीमा बनली. हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती व विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या गावाचे लष्करी महत्त्व टिकून होते. नदीच्या दोन्ही काठांवर मात्र एकच समाज राहत होता. त्याची नोंद दोन निरनिराळ्या ग्रंथांत झाली. उत्तर काठावरील आंधांचे वर्णन रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात आले, तर दक्षिण काठावरील आंध सय्यद सिराज-उल-हसन यांच्या निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवरील १९२० च्या ग्रंथात आले. या धर्तीच्या ग्रंथांचे कुतूहल कुळे, विवाह, देवदेवता व जातींची उतरंड यांत अधिक होते. अन्नाचा विचार त्यांनी केला तो बहुधा कोण कोणाच्या हातचे खातो या अंगाने. काय आणि कोणत्या महिन्यात खातो, हा प्रश्न त्यांच्या चौकटीत बसत नव्हता.

याच संस्थानात पुढे मात्र रानकंदाला एक समर्थ लेखक लाभला, आणि तोही युद्धाच्या योगायोगाने. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरल्याने त्याच्या हालचालींवर बंधने आली व त्याला हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. त्या सक्तीच्या मुक्कामातून ‘द चेंचूज’ (१९४३) हा ग्रंथ निर्माण झाला. नल्लमलाच्या डोंगरातील चेंचूंचे जीवन लोखंडी टोकाच्या खणण्याच्या काठीवर व रानकंदांवर कसे आधारलेले होते, याचे तपशीलवार चित्र त्यात आहे. पुढे आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये आला. हिंगोली-कळमनुरीच्या आंधांवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. याचे कारण उघड आहे. चेंचू हे ‘खरे’ वनवासी वाटत. मराठी बोलणारे, ज्वारी पेरणारे आणि शेजारच्या कुणब्यासारखेच दिसणारे आंध कोणत्याही साच्यात नीट बसत नव्हते. अर्धे शेतकरी व अर्धे वनोपजीवी अशा समाजांवर इतिहासलेखनाने हा अन्याय सर्वत्रच केला आहे.

कंदाचे पंचांग

रानकंद हे दुष्काळातील अन्न, असे सरसकट विधान केले जाते. ते तपासून पाहण्यासाठी वेलीच्या वर्षाकडे पाहणे इष्ट ठरते. मृगाच्या पावसानंतर जमिनीतील जुन्या कंदातून कोंब फुटतो आणि वेल झपाट्याने झाडावर चढते. या काळात जुना कंद नव्या वेलीला पोसून आकसत जातो. श्रावण-भाद्रपदात पाने व फुलोरा येतो. शेंडवेलीच्या नरफुलांचे लोंबते तुरे भाजी म्हणून खातात. आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडतात, वेल वाळते आणि नवा कंद भरतो. म्हणजे कंद खणण्याचा खरा हंगाम कार्तिकापासून पुढे उन्हाळ्यापर्यंतचा होय.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत, जेव्हा कणगी रिकामी व नवे पीक शेतात असते, तेव्हा रानकंदाचा फारसा उपयोग नसतो. त्या दिवसांना तारतात त्या तरोटा, कुर्डू यांसारख्या पालेभाज्या. दुसरा अधिक महत्त्वाचा. खरीप बुडाल्याचे दिवाळीच्या सुमारास पुरते स्पष्ट होते, आणि नेमक्या त्याच वेळी कंद भरलेला असतो. पावसाने ज्वारीच्या कणसाला दगा दिला तरी खोल मुळाच्या, सावलीतल्या वेलीने मिळेल तेवढ्या ओलाव्यावर काही ना काही साठवलेले असते. रब्बी हाती येईपर्यंतचे, किंवा तीही बुडाल्यास पुढच्या पावसापर्यंतचे दिवस यावर काढता येत. खरिपाच्या अपयशाला उत्तर देणारे हे अन्न होते, असे अधिक नेमकेपणाने म्हणता येईल.

मात्र हे उत्तर प्रत्येकाच्या हाती नव्हते. माघ-फाल्गुनात वेल वाळून तुटून गेलेली असते. वर काही खूण नसताना कंद कोठे आहे हे त्यालाच कळते, ज्याने भाद्रपदात ती वेल पाहून ठेवली आहे. पहार व कुदळीने दगडमातीतून हात-दीड हात खणण्याचे कष्ट वेगळे. अनेक आदिवासी भागांत कंदाचा वरचा, डोळ्याचा भाग तोडून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरण्याची रीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी वेल पुन्हा उगवते. हे निव्वळ गोळा करणे नव्हे आणि शेतीही नव्हे. या दोहोंमधील ही क्रिया कायद्याच्या भाषेत कोठेच बसत नाही.

त्यापुढचे काम घरात, आणि ते प्रामुख्याने स्त्रियांचे. कडू करांदा तसाच खाता येत नाही. त्याच्या पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकडतात, पाणी टाकून पुन्हा उकडतात, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. कडूपणा गेल्याशिवाय तो पोटात घालत नाहीत. आधुनिक रसायनशास्त्राने या कंदातील डायोस्बल्बिन नावाची कडू द्रव्ये यकृताला घातक असल्याचे दाखवून दिले आहे, आणि चीनमध्ये औषध म्हणून हा कंद घेणाऱ्यांना यकृताचे विकार झाल्याचे नोंदले गेले आहे. किती वेळा पाणी बदलायचे, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे जात राहिले तोवर कंद अन्न होता. ही साखळी तुटली की तोच कंद विष ठरतो. दुष्काळातील रानकंदांमुळे विषबाधा होण्याच्या घटनांचा अर्थ या दृष्टीने लावला पाहिजे. ज्यांना हे अन्न नित्याचे होते, त्यांच्यापेक्षा ज्यांना ते भुकेने प्रथमच जवळ करावे लागले त्यांना धोका अधिक होता.

दुष्काळाचे दप्तर

१८९६-९७ व १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याचे जिल्हेही त्यातून सुटले नाहीत. या दुष्काळांनंतर पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळी खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर १९०२ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. रानकंदांचा समावेश असलेले हे टिपण महत्त्वाचे आहे, कारण उपाशी माणसाने काय खाल्ले याची शास्त्रीय नोंद घेण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. तत्पूर्वी जॉर्ज वॅट यांच्या भारतातील आर्थिक उत्पादनांच्या बृहत्कोशातही (१८८९–१८९३) डायोस्कोरियाच्या जातींना स्थान मिळाले होते. परंतु गॅमी यांचे टिपण इलाख्याच्या सीमेवर थांबते. हिंगोली निजामाच्या हद्दीत होते. शिवाय अशा टिपणांत माणूस दिसतो तो दुष्काळग्रस्त म्हणून. सामान्य वर्षात, आवडीने, सणाला किंवा पालट म्हणून कंद खाणारा माणूस त्यात सापडत नाही. रानकंदाला ‘दुष्काळी अन्न’ हा शिक्का बसला तो अशा नोंदींमुळे, आणि तो आजतागायत पुसला गेलेला नाही.

शिक्का बसला की त्याबरोबर लाजही येते. मराठी मनात कंदमुळे या शब्दाला दोन परस्परविरोधी अर्थ आहेत. ऋषिमुनींनी, वनवासातील रामसीतेने खाल्लेली कंदमुळे पवित्र. तीच शेजारच्या तांड्यावर किंवा आदिवासी वाडीत शिजली की दारिद्र्याची खूण. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही असा नियम घरोघर पाळला जातो. नांगराविना मिळणाऱ्या अन्नाची आठवण वर्षातून एक दिवस व्रत म्हणून जपली जाते, पण त्या अन्नावर बारा महिने विसंबणाऱ्याविषयी आदर वाटत नाही. उपवासाच्या ताटातली गंमतही येथे नमूद करावीशी वाटते. रताळे, बटाटा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे तिन्ही कंद अमेरिका खंडातून आलेले आहेत. परदेशी कंदांना उपवासाची पवित्रता लाभली आणि डोंगरातला देशी करांदा ताटाबाहेर राहिला. पश्चिम आफ्रिकेत याउलट स्थिती आहे. नायजेरियात इग्बो लोक नव्या कंदाचा उत्सव करतात आणि चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत पुरुषाची प्रतिष्ठा त्याच्या कंदांच्या कोठारावरून ठरते. कुळ एकच, फरक पडतो तो कोणाच्या ताटात आहे त्यावरून.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मृतीत अजूनही जिवंत आहे. खडी फोडण्याची कामे, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी ही त्या दुष्काळाची बोधचिन्हे ठरली. याच अनुभवातून रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप आले (१९७७). या दुष्काळाने एक मोठा बदल घडविला. टंचाईतील अन्न डोंगरातून नव्हे तर सरकारी कामावरच्या मजुरीतून आणि रेशन दुकानातून येईल, अशी व्यवस्था रुजली. उपासमारीने माणसे मरू नयेत यासाठी ही व्यवस्था निःसंशय श्रेयस्कर होती. रानकंदाच्या काळाचे उदात्तीकरण करणाऱ्यांनी हे विसरू नये की, दिवसभर खणून टोपलीभर कंद आणणे आणि तो रात्रभर पाण्यात ठेवणे यात स्वयंपूर्णतेबरोबर नाइलाजही होता. मात्र नाइलाज संपला तेव्हा त्याबरोबर हक्कही संपला, ही बाब तितकीच खरी आहे.

हक्काचा प्रश्न

निजामी राजवटीच्या अखेरीस हैदराबाद वन अधिनियम, १३५५ फसली, म्हणजे सुमारे १९४५ मध्ये अमलात आला. राखीव वन घोषित झाले की तेथील जमीन खणणे, वस्तू नेणे हे परवानगीचे विषय बनतात. कंद खणल्याशिवाय मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे गवत, फळ, फूल यांपेक्षा कंद या निर्बंधात अधिक का सापडतो हे कळते. ब्रिटिश प्रांतांतील दुष्काळ प्रशासनात टंचाईच्या वेळी राखीव वने खाद्य वनोपजासाठी खुली करण्याची रीत होती. ती सवलत होती, हक्क नव्हता.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हैदराबाद राज्यातील अनुसूचित जमातींच्या यादीत आंधांचा समावेश झाला. विदर्भात मात्र ही मान्यता काही तालुक्यांपुरती मर्यादित राहिली व हे क्षेत्रनिर्बंध १९७६ च्या दुरुस्तीने उठले. एका नदीच्या दोन काठांवरील एकाच समाजाची ही कायदेशीर विभागणी जुन्या सरहद्दीचीच सावली होती. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेनऊ टक्के आहे आणि कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. असे असूनही जिल्ह्याचा कोणताही भाग पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटला ते स्थान आहे. परिणामी पेसा कायद्याने (१९९६) ग्रामसभेला गौण वनोपजावर दिलेले अधिकार हिंगोलीतील आदिवासी गावांना लागू होत नाहीत.

या पार्श्वभूमीवर वनहक्क कायदा, २००६ याचे महत्त्व वेगळे आहे. तो अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. त्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, लाख, तेंदूपाने यांच्याबरोबर मुळे व कंद हे शब्द स्पष्टपणे आले आहेत. कायद्याच्या इतिहासात हा बारीकसा तपशील वाटेल; परंतु हिंगोलीच्या डोंगरउतारांवरील माणसाला कंद खणण्याचा हक्क आहे असे त्या वनस्पतिभागाचे नाव घेऊन लिहिले गेले, ही गोष्ट साधी नाही. हक्काचा दावा करताना मात्र ग्रामसभेला पुरावा द्यावा लागतो. वडीलधाऱ्यांची निवेदने कायद्याने पुरावा म्हणून ग्राह्य धरली आहेत, आणि साऱ्याबाहेर राहिलेल्या अन्नाच्या बाबतीत प्रमुख पुरावा हाच आहे. ज्या पिढीने १९७२ च्या आधीचे डोंगर पाहिले, ती आता सत्तरीच्या पुढे आहे.

याच जिल्ह्यात जमिनीखालच्या दुसऱ्या एका उत्पादनाचे काय झाले हे पाहणे बोधप्रद ठरेल. वसमतची हळद बाजारपेठेत नावाजलेली आहे आणि वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. हळद विकली जाते, म्हणून तिचा दर रोज छापून येतो. करांद्याला असा दर नाही. जगात रानकंदाला दर मिळाला तो औषधनिर्मितीमुळे. १९४३ मध्ये रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील जंगली डायोस्कोरियापासून प्रोजेस्टेरॉन तयार केले आणि गर्भनिरोधक गोळीचा मार्ग मोकळा झाला. भारतात त्यासाठी हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. दर मिळणे हेही वेलीच्या किंवा ती जपणाऱ्याच्या हिताचेच असते असे नाही.

अलीकडील काळात कृषी विभागाच्या वतीने ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने रानभाजी महोत्सव भरविले जातात. उपक्रम स्वागतार्ह आहे. तथापि ऑगस्टमध्ये कंद भरलेला नसतो. महोत्सवाच्या टेबलावर पाने व फुले येतात, कंद येतो तो चार महिन्यांनी, जेव्हा टेबल उचललेले असते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावोगाव तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत मात्र रानातील वनस्पतींसाठी रकाने आहेत. महसुली दप्तरात जे आले नाही, ते सरकारी कागदावर येण्याची ही एक संधी आहे. हे रकाने अनेकदा वनस्पतीचे शास्त्रीय नाव व ‘खाद्य’ एवढ्या दोन शब्दांत भरले जातात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव व औंढा येथील महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतले, तर त्या रकान्यात वेलीचे गावातील नाव, डोंगराचा कोणता उतार, कोणत्या महिन्यात खणतात, डोळा परत पुरतात की नाही, आणि कडू करांद्याचे पाणी किती वेळा टाकतात, एवढे तरी सांगणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने व तिच्याच शब्दांत उतरवून घेता येईल.